वायूच्या लांब नळाचे गणित

शेतात पाण्याचा नळ टाकणाऱ्या माणसाला दोन गोष्टी कोणी शिकवाव्या लागत नाहीत. नळ लांबला की टोकाला पाणी कमी येते, आणि नळ बारीक असला की त्याहूनही कमी येते. नैसर्गिक वायूच्या नळालाही हेच नियम लागू आहेत. परंतु पाणी दाबले तरी जवळजवळ दबत नाही आणि वायू दबतो, एवढ्या एका फरकामुळे वायूचे गणित निराळ्या वाटेने जाते. त्या वाटेचा परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

उदाहरण आपल्या किनाऱ्याजवळचेच घेऊ. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल सापडले. त्याच सागरी टापूत वसईच्या नावाने ओळखले जाणारे मोठे वायुक्षेत्र आहे. तेथील वायू सुरतेजवळ हजिरा येथे जमिनीवर आणून शुद्ध करण्यात येऊ लागला. तेथून झाबुआ, विजयपूर या मार्गाने उत्तर प्रदेशातील जगदीशपुरापर्यंत तो नेण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात वाहिनी घातली गेली. या वाटेवर युरियाचे कारखाने उभे आहेत. त्यांना वायू केवळ जळण म्हणून लागत नाही; अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन ते त्यातूनच काढतात. वायू कमी पोचला तर खतच कमी तयार होणार. तेव्हा किती वायू पोचेल हे नळ पुरण्यापूर्वीच सांगता आले पाहिजे.

आता नळाच्या आत काय घडते ते पाहू. आरंभी वायू खूप दाबलेला असतो. नळाच्या भिंतीशी घासत पुढे जाताना त्याचा दाब घटतो. दाब घटला की तो फुगतो. पण प्रत्येक ठिकाणाहून दर तासाला तितक्याच वजनाचा वायू पुढे गेला पाहिजे. म्हणून फुगलेला वायू अधिक वेगाने धावतो, वेग वाढल्याने घर्षण वाढते, आणि दाब आणखी झपाट्याने उतरतो. पाण्याच्या सपाट नळात दाब सारख्या उताराने कमी होतो. वायूच्या नळात उतार पुढे पुढे तीव्र होत जातो.

हा वाढता उतार हिशेबात धरला म्हणजे सूत्रात दाबांची वजाबाकी येत नाही, दाबांच्या वर्गांची वजाबाकी येते. तिला नळाच्या लांबीने भागून वर्गमूळ काढले की प्रवाह त्या प्रमाणात असतो. टॉमस वेमथ या अमेरिकन अभियंत्याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र याच घडणीचे आहे. पुढे घर्षणाचा अंदाज सुधारणारी अनेक सूत्रे आली, पण गाभा हाच राहिला.

आकडे घालून पाहू. आरंभी ७० बार व शेवटी ४० बार दाब आहे असे समजा. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या सभोवारच्या हवेचा दाब. वर्ग ४,९०० आणि १,६००, फरक ३,३००. नळाच्या मध्यावर दाब ५५ नसून ५७ असतो. पहिल्या अर्ध्यात १३ बार खर्च होतात, दुसऱ्या अर्ध्यात १७. नळ ३६ इंची, लांबी ४०० किलोमीटर आणि वायू हवेच्या सहा दशांश वजनाचा धरला, तर दिवसाला सुमारे पावणेदोन कोटी घनमीटर वायू पोचेल. हे मोजमाप अर्थात साध्या हवेच्या दाबाला आणल्यावरचे.

मागणी वाढली तर काय करावे? पहिला विचार सुचतो तो शेवटचा दाब उतरविण्याचा. तो ४० वरून २० वर आणला तर प्रवाह केवळ १७ टक्के वाढतो. अगदी शून्यावर आणला, तरी सूत्राप्रमाणे २२ टक्क्यांपलीकडे जात नाही. उलट आरंभीचा दाब ७० वरून ८० केला, तर प्रवाह २१ टक्के वाढतो. म्हणजे अलीकडचे दहा बार पलीकडच्या चाळीस बारांच्या तोडीचे आहेत! मात्र आरंभीच्या दाबाला नळाच्या पोलादाची मर्यादा असते. २०१४ च्या जूनमध्ये आंध्र प्रदेशातील नगरम गावी वायुवाहिनीचा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. ती मर्यादा ओलांडून काटकसर करावयाची नसते.

दुसरा उपाय वाटेत कॉम्प्रेसर बसविण्याचा. दर २०० किलोमीटरला दाब पुन्हा ७० वर नेला तर प्रवाह ४१ टक्क्यांनी वाढतो. परंतु कॉम्प्रेसर चालविण्यास रोज इंधन लागते. तिसरा उपाय जोडनळाचा. निम्म्या अंतरावर तेवढ्याच व्यासाचा दुसरा नळ शेजारी घातला, तर सुमारे २६ टक्के वाढ मिळते.

सर्वांत अधिक देतो तो व्यास. २४ इंचांऐवजी ३६ इंची नळ घातला तर पोलाद सव्वादोन पट लागते, पण वायू पावणेतीन पट जातो. कारण प्रवाह व्यासाच्या साधारण अडीचाव्या घाताने वाढतो.

या गणिताचा आणखी एक उपयोग आहे. वरच्या नळात कोणत्याही क्षणी सुमारे दीड कोटी घनमीटर वायू साठलेला असतो. हजिऱ्याकडून पुरवठा बंद पडला, तर तो सर्व काढता येत नाही. शेवटचा दाब ४० च्या खाली जाऊ द्यावयाचा नसेल तर पूर्ण पुरवठा सहा तासही टिकत नाही. कारखाने शिस्तीने बंद करावयाचे असतील तर तेवढाच अवधी हाती असतो.

सूत्र वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. दाबमापक हवेच्या दाबावरचा दाब दाखवितो; त्यात एक बार मिळवूनच वर्ग करावा. इतक्या दाबाला वायू साध्या नियमाने येणाऱ्या आकारमानाहून सुमारे आठव्या हिश्शाने कमी जागा व्यापतो, तेही जमेस धरावे. आणि नळाच्या आत गंज धरला किंवा पाणी साचले तर कागदावरचा प्रवाह मिळणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

कॉम्प्रेसर मागाहून बसविता येतो, जोडनळही घालता येतो. व्यास मात्र खंदक बुजविला की पुढच्या पिढीपर्यंत तोच राहतो. म्हणून आजची मागणी पाहून नव्हे, तर वीस-तीस वर्षांनंतरची अपेक्षा धरून तो ठरविला पाहिजे. आणि हे ठरविण्यास लागणारे गणित शाळेत शिकलेल्या वर्गाच्या व वर्गमुळाच्या फारसे पलीकडचे नाही.