सायकलचे स्पोक दुकानातच कापायचे असतील तर कोणतं मशीन घ्यावं?

अब्बांचं सायकलचं दुकान सांभाळणाऱ्या पनवेलमधल्या काही तरुणांनी हा प्रश्न आम्हाला विचारला. प्रश्न छोटा वाटतो, पण चूक झाली तर कोणाचं तरी पोर रस्त्यावर पडतं.

साध्या २८ इंची सायकलची अडचण नाही. पुढच्या चाकात ३२, मागच्यात ४० स्पोक, माप ठरलेलं. गिअरवाली सायकल आली की गाडी अडते. तिच्या मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक बहुधा एक-दोन मिलिमीटर आखूड लागतात. हवं ते माप नसलं की गिऱ्हाईक परत जातं. म्हणून लांब स्पोक आणून कापायचे आणि आटे पाडायचे, हा विचार बरोबरच आहे.

पहिला मोह होतो तो साध्या डायचा. स्वस्त असते ना! पण डाय धातू खरवडून काढते. मुळात स्पोक २ मिलिमीटरचा, त्यातून आणखी कमी झालं तर खाचेपाशी ताकद उरते किती? आमच्यातल्या एकाच्या भाच्याचा असा स्पोक भर महामार्गावर तुटला. नशीब, मागे ट्रक नव्हता.

कारखान्यात आटे कापत नाहीत, रोलरने दाबून उठवतात. धातू जात नाही, वर सरकतो. आट्यांची जागा साधारण २.२ मिलिमीटर होते आणि निपल त्याच मापाचं असतं. म्हणूनच डायच्या आट्यांवर निपल डुगडुगतं.

रोलरची मशीन दोन तऱ्हेची. जपानच्या होझानचं हाताने फिरवायचं यंत्र फक्त आटे पाडतं. स्पोक आधी वेगळा कापावा लागतो. काम सावकाश होतं. अमेरिकेच्या फिल वुडचं मशीन कापतंही आणि आटेही पाडतं, काम झटपट. पण किंमत मोठी. महिन्याला दोन-चार चाकं बांधणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढू नये, असं आम्हाला वाटतं. हवंच असेल तर तीन-चार दुकानदारांनी मिळून घ्यावं.

मशीन कोणतंही घ्या, प्रत्येक गेजला रोलर वेगळा लागतो. मधे बारीक असलेला स्पोक फार कापू नका; बारीक भागावर आटे धरत नाहीत. लांबी मोजायची ती वाकाच्या आतल्या बाजूपासून टोकापर्यंत. आणि पहिल्या स्पोकवर नवं निपल फिरवून बघा. हललं, तर तो स्पोक चाकात घालू नका.