पोलादाच्या पोटातील जागा : अंतर्भागासह रणगाड्याची प्रतिकृती

प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूची सर्व मापे एकाच गुणोत्तराने लहान करून घडवलेली वस्तू. रणगाड्यांच्या बाबतीत हे गुणोत्तर जगभर प्रामुख्याने १:३५ असे रूढ आहे, म्हणजे मूळ रणगाड्याचा एक मीटर प्रतिकृतीत जेमतेम २.८६ सेंटिमीटर होतो. या विषम आकड्यामागे कोणतेही गणिती तत्त्व नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृती काढली, तेव्हा तिच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तिचा आकार ठरवण्यात आला. पुढे हिशेब मांडला असता तो मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास भरला आणि तेच प्रमाण कायम झाले. ज्या पोकळीने हे प्रमाण ठरवले, त्याच पोकळीत बॅटऱ्यांऐवजी आसने, गिअरबॉक्स, दारूगोळा आणि इंजिन बसवणारे संच आता मिळतात आणि या छंदातील सर्वांत अभ्यासपूर्ण काम त्यांच्याभोवती चालते.

या कामाचे स्वरूप जर्मन टायगर-१ रणगाड्याच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते. १९४२ ते १९४४ या काळात उत्पादन झालेल्या या सुमारे ५७ टन वजनाच्या वाहनात पाच सैनिक असत : पुढे डावीकडे चालक, उजवीकडे बिनतारी संदेशयंत्र आणि मशीनगन सांभाळणारा, आणि टरेटमध्ये, म्हणजे तोफ वाहणाऱ्या फिरत्या बुरुजात, डाव्या बाजूस नेमबाज व त्याच्या मागे कमांडर, तर उजवीकडे गोळे भरणारा. तोफ नसलेल्या भागाची ६.३ मीटर लांबी प्रतिकृतीत १८ सेंटिमीटर होते. एवढ्या जागेत ८८ मिलिमीटर तोफेचे ९२ गोळे, चार इंधनटाक्या, बारा सिलिंडरांचे मेबॅक इंजिन आणि सोळा टॉर्शन बार, म्हणजे पिळाला विरोध करून स्प्रिंगचे काम करणारे आडवे पोलादी दांडे, बसवायचे असतात. गोळ्याचे ५७१ मिलिमीटर लांबीचे काडतूस येथे सोळा मिलिमीटरांवर येते आणि तरीही चिलखतभेदी गोळ्याचा काळा रंग व त्याचे पांढरे टोक, तसेच स्फोटक गोळ्याचा पिवळा रंग वेगळा दिसला पाहिजे.

पहिली तांत्रिक अडचण भिंतींच्या जाडीची असते. टायगरचे समोरचे चिलखत १००, वरच्या बाजूंचे ८० आणि छताचे २५ मिलिमीटर जाड होते. १:३५ प्रमाणात ही जाडी अनुक्रमे २.९, २.३ आणि ०.७ मिलिमीटर होते. साच्यात पॉलिस्टायरीन प्लास्टिक ओतून काढलेले भाग मात्र बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असतात, त्यामुळे भिंती प्रमाणापेक्षा पातळ आणि छत प्रमाणापेक्षा जाड राहते. बाहेरून पाहणाऱ्याला हा दोष जाणवत नाही, परंतु अंतर्भाग उघडा असला की आतली जागा खऱ्यापेक्षा ऐसपैस भासते आणि उघड्या झाकणांच्या कडा ही विसंगती उघड करतात. दुसरी अडचण साच्याचीच आहे : थंड झालेला भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या गोल खुणा उत्पादक सहसा भागाच्या आतल्या अंगाला ठेवतात, आणि जिथे आतले अंगच दर्शनी होते तिथे त्या लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासाव्या लागतात.

जोडणीचा क्रम मूळ यंत्राच्या रचनेतून ठरतो. टॉर्शन बार तळाशी, त्यांच्यावरून मागच्या इंजिनाची शक्ती पुढच्या गिअरबॉक्सकडे नेणारा दांडा, त्यावर टरेटसह फिरणारी फरशी आणि कडेने गोळ्यांचे कप्पे, अशी ही मांडणी असल्याने वरचा थर बसला की खालच्या थराला हात पोहोचत नाही. म्हणून कारागीर प्रत्येक गट स्वतंत्रपणे जोडतो, गोंदाशिवाय बसवून पाहतो, रंगवतो आणि मगच त्याला कायमचे स्थान देतो. अंतर्भागाचा वरचा हिस्सा हस्तिदंती आणि खालचा तांबूस गंजरोधक अस्तराचा ठेवतात. हस्तिदंती रंग शोभेसाठी नव्हता. झाकणे बंद असताना मिळणारा अपुरा प्रकाश परावर्तित व्हावा, हा त्याचा हेतू होता. त्यावर वॉश, म्हणजे खाचांमध्ये साचणारा पातळ गडद रंग, दिला की बोल्ट आणि सांधे उठून दिसतात.

या सर्व श्रमांनंतर छत बसले की केलेल्या कामाचा मोठा भाग दृष्टीआड होतो. त्यावर छत सुटे ठेवणे, ते लहान चुंबकांनी धरणे किंवा एक बाजू कापून छेद दाखवणे असे उपाय आहेत, परंतु या कामाचे मूल्य प्रेक्षकाला काय दिसते एवढ्यावर मोजता येत नाही. बाह्य रूप रणगाड्याचे सामर्थ्य सांगते, तर अंतर्भाग त्या सामर्थ्याची माणसाला पडणारी किंमत सांगतो. इंधन आणि स्फोटके यांच्यामध्ये पाच देह कसे कोंबले होते, गोळे भरणाऱ्याला तोफेच्या मागे किती थोडी जागा उरत होती आणि पेटलेल्या वाहनातून चालकाला कोणत्या एवढ्याशा झाकणातून निघावे लागे, हे स्वतःच्या हातांनी ती जागा भरणाऱ्याला जितके उमगते तितके छायाचित्रांवरून उमगत नाही. नाझी राजवटीच्या शस्त्राची प्रतिकृती करताना त्याचा गौरव होऊ नये, ही जबाबदारी अंतर्भागाचा प्रामाणिक अभ्यास उत्तम रीतीने पार पाडतो.

हा अभ्यास मूळ वाहनावर आधारलेला असावा लागतो. टायगरच्या अभ्यासकांना एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेले आणि आज इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात चालू स्थितीत असलेले ‘टायगर १३१’ उपलब्ध आहे. मराठी अभ्यासकाला मात्र एवढे दूर जाण्याचे कारण नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात अनेक देशांची चिलखती वाहने आहेत. त्याच शहरातील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फॅमागुस्टा’ हा सेंच्युरियन रणगाडा जतन केला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात लढताना वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

टायगरवर जगभर जेवढे बारकाईचे काम झाले, तेवढेच भारतीय सेंच्युरियन आणि आवडी येथे बांधलेल्या विजयंता रणगाड्यावर व्हायला हवे. ज्यांच्या हाती हे कौशल्य आहे, त्यांनी पुढची प्रतिकृती हाती घेण्यापूर्वी अहिल्यानगरची वाट धरावी आणि आपल्या सैनिकांनी ज्या जागेत बसून लढाया लढल्या, ती जागा मापानिशी घडवून पुढच्या पिढीसमोर ठेवावी.