तेजोमेघांचे रंग खरे मानावेत काय?

गरुड तेजोमेघातील वायू व धुळीच्या उत्तुंग स्तंभांचे जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेले छायाचित्र ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याचे कौतुक झाले. परंतु वर्गातील एखाद्या चौकस मुलाने 'हे रंग खरे आहेत का?' असे विचारले, तर शिक्षकाने काय सांगावे? प्रामाणिक उत्तर एकच आहे : आपल्या डोळ्यांना तेथे हे रंग दिसणार नाहीत, ते शास्त्रज्ञांनी दिलेले आहेत. मग हे चित्र फसवे ठरते काय? मुळीच नाही.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. दृष्टीच्या वेशीबाहेरचे हे अवरक्त किरण पुढे ताऱ्यांच्या जन्मस्थानांचा शोध घेण्यास उपयोगी पडले. तारे जन्मतात ते थंड वायू व धुळीच्या दाट आवरणात. धुळीचे सूक्ष्म कण दृश्य प्रकाश अडवतात. अधिक लांबीच्या अवरक्त लहरी मात्र त्यांतून बऱ्याच अंशी पार होतात. मृग नक्षत्रातील तेजोमेघ हिवाळ्यात नुसत्या डोळ्यांनीही पुसटसा दिसतो. पण त्याच्या मागे धुळीत दडलेला एक तरुण तारा बेकलिन व नॉयगेबाउअर यांना अवरक्त निरीक्षणांतच गवसला. त्यांचा हा शोध १९६७ साली प्रसिद्ध झाला.

गरुड तेजोमेघातील हेच स्तंभ हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपले, तेव्हा ते कड्यांसारखे भरीव दिसले. वेबच्या चित्रात ते काहीसे पारदर्शक झाले असून त्यांच्या कडांशी नवजात तारे तांबड्या ठिपक्यांसारखे दिसतात. हबलच्या चित्रातील रंगही दिलेलेच होते : गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. वेबच्या चित्रात आखूड अवरक्त लहरींना निळा रंग आणि लांब लहरींना तांबडा रंग, असा क्रम राखलेला असतो.

गायकाने आपल्या गळ्याला सोसेल असा षड्ज धरला, म्हणून राग बदलत नाही. स्वरांमधील नाते तेच राहते. येथेही तसेच घडते. डोळ्यांना न पेलणारे सप्तक डोळ्यांच्या पट्टीत आणले जाते, एवढेच. रंग मनाला येईल तसे भरलेले नसतात. त्यांच्यामागे मोजमाप असते.

तेव्हा अशी चित्रे छापताना कोणता रंग कशासाठी योजला आहे, हे दोन ओळींत सांगणे वृत्तपत्रांनी आपले कर्तव्य मानावे, आणि शिक्षकांनी ते वर्गात आवर्जून समजावून द्यावे. त्याने चित्राची मोहिनी उणावणार नाही. उलट, आज न सांगितलेली गोष्ट उद्या अर्धवट कानावर आली, तर 'सारेच रंगवलेले' म्हणून खऱ्या विज्ञानावरचाही विश्वास उडेल. आणि ते नुकसान भरून काढणे फार कठीण जाईल.