उसाचं बी कुणी पाहिलंय का?

राजारामपुरीतल्या एखाद्या रसवंतीवर ग्लास हातात असताना विचारून बघा, "उसाचं बी कसं असतं?" शहरातला माणूस विचारात पडेल. गावाकडचा म्हणेल, "बी कुठलं? बेणं असतंय की!"

खरंय. उसाच्या प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा असतो. कांडी मातीत पुरली की डोळ्यातून कोंब येतो आणि भोवतीच्या ठिपक्यांतून मुळं फुटतात. ना फूल, ना पराग. नवा ऊस म्हणजे जुन्याची हुबेहूब नक्कल. जिल्ह्यात ८६०३२ जातीचा जेवढा ऊस उभा आहे, तो सगळा जनुकांच्या हिशेबाने एकच झाड म्हणायचा!

मग पहिलं झाड आलं कुठून? तिथे मात्र आई-बाप लागले. थंडीच्या तोंडावर दिसणारा तुरा म्हणजे उसाचा फुलोरा. शेतकऱ्याला तो नको असतो, कारण तुरा आला की वाढ थांबते, पांगशा फुटतात, दशी पडते. पण १९१२ साली सुरू झालेल्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात याच तुऱ्यांचा संकर करतात. 'को ६२१९८' आणि 'कोसी ६७१' यांच्या संकरातून 'को ८६०३२' जन्मला. ('को' म्हणजे कोइमतूर.) उसाचं बी अगदी बारीक, कापसाळ; आणि त्यातून उगवणारं प्रत्येक रोप भावंडांपेक्षा वेगळं. हजारोंतून एखादंच कामाचं निघतं. ते सापडलं की कांड्या लावून त्याच्या नकला करायच्या, कारण पुन्हा बी पेरलं तर गुण विस्कटतात.

नकलांचा तोटाही आहे. एकाला जो रोग लागतो, तो सगळ्यांना लागू शकतो. उत्तर प्रदेशात 'को ०२३८' जवळपास सगळीकडे पसरली आणि लाल कुजीने तिलाच गाठलं.

प्राण्यांतही अशा नकला होतात. २००२ मध्ये सांगलीकडून पसरलेला लोकरी मावा पश्चिम महाराष्ट्रातले शेतकरी विसरलेले नाहीत. या किडीच्या मादीला नर लागतच नाही. ती थेट पिल्लं देते, त्याही माद्याच, आणि थोड्याच दिवसांत त्यांनाही पिल्लं होतात. पानं बघता बघता पांढरी पडली. मावा खाणाऱ्या 'डिफा' नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि 'मायक्रोमस' या मित्रकिडी वाढल्या, तेव्हा तो आटोक्यात आला. डिफाला मात्र नर-मादी दोन्ही लागतात. त्यामुळे त्याच्या अळ्या असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधली गेली.