मूळ गाडी आणि अस्सल गाडी

जुन्या मोटारींच्या व्यापारात 'मूळ' आणि 'अस्सल' हे दोन शब्द एकच नव्हेत. त्यांतला फरक इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने १९९० साली एका खटल्यात स्पष्ट केला. सौदा थोडाथोडका नव्हता, सुमारे १ कोटी पौंडांचा होता.

विकायची गाडी होती 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली स्पीड सिक्स. फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत तिने १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. दोन्ही विजयांत वुल्फ बार्नाटो चालक होते. जोडीला पहिल्या वर्षी टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. पुढे तिच्यात ८ लिटरचे इंजिन बसवले गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती उतरत्या धावपट्टीच्या वरच्या काठावरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाले. नंतर बार्नाटो यांनी ती पुन्हा बांधून घेतली, या वेळी बंद बॉडीची.

एवढी तोडजोड झाल्यावर ही ती गाडी नव्हेच, असे म्हणून खरेदीदार कंपनीने माघार घेतली. मालक कोर्टात गेला. न्यायमूर्ती ओटन यांनी गाडीच्या भागाभागाचा हिशेब घेतला. १९२९ च्या गाडीतले, काळ ठरवता न येणारे किरकोळ भाग सोडले तर काहीच उरले नव्हते! तरी निकाल मालकाच्या बाजूने लागला. कारण गाडीचा इतिहास सलग होता. ती मोडीत निघून तिच्या जागी दुसरी उभी राहिली, असे कधी घडले नाही. एकाच गाडीत फेरबदल होत गेले. म्हणून ती मूळ नाही, पण अस्सल आहे.

ही झाली कोट्यवधींची गोष्ट. नेहमीच्या व्यवहारात खातरजमा कशी होते, ते जॅग्वार ई-टाइपवरून पाहू. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली ही स्पोर्ट्स कार. तिचे कारखान्याचे दप्तर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टने जपले आहे. मालकाला तिथून दाखला मिळतो. त्यात चेसिस, इंजिन, बॉडी व गिअरबॉक्सचे नंबर, बाहेरचा व आतला रंग, गाडी कधी तयार झाली आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे लिहिलेले असते.

मात्र गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती, एवढेच दाखला सांगतो. समोर उभी असलेली गाडी तीच का, हे हातानेच तपासावे लागते. आपल्याकडे आरटीओच्या कामासाठी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तशातलाच हा प्रकार. नंबरची पट्टी काय, चार रिबिटे काढली की दुसऱ्या गाडीवर लागते. म्हणून चौकटीवर ठोकलेला नंबर पाहायचा. इंजिनचा नंबर ब्लॉकवर असतो तसा हेडवरही असतो. दोन्ही जुळले पाहिजेत.

यापुढचे काम जाणत्या कारागिराचे. सुरुवातीच्या ई-टाइपचा तळ सपाट होता. १९६२ च्या आरंभापासून टाचेसाठी खोलगट जागा दिली गेली. १९६१ ची म्हणून विकायला आणलेल्या गाडीत असा खळगा दिसला, तर पत्रेकाम करणारा लगेच थांबतो. पेंटर डॅशबोर्डमागे किंवा दाराच्या अस्तराखाली पहिला रंग शोधतो. सीटचे काम करणारा जुन्या चामड्याचा तुकडा आणि शिलाईचा नमुना राखून ठेवतो, कारण पुढच्या खरेदीदाराला तो दाखवता येतो.

बिलेही जपली जातात, अगदी तेल बदलल्याची सुद्धा. इंजिनचा ब्लॉक चिरला तर दुसरा बसवतात, पण नंबरचा जुना ब्लॉक भंगारात घालत नाहीत. शहाणा गॅरेजवाला तो मालकाच्या हवाली करतो आणि गाडी विकली की तो गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जातो.