वजन उतरलं, कातडी मात्र सैल राहिली

डॉ. श्रीकांत जिचकारांचा दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेला आणि तेव्हापासून वजन कमी करणारी माणसं घरोघर दिसू लागली. बारामती एमआयडीसीच्या वस्त्यांतही पाळी सुरू होण्याआधी पहाटे चालायला निघणाऱ्या बायका दिसतात. कुणाचं दहा किलो उतरतं, कुणाचं वीस. गुडघे हलके होतात, दम लागत नाही. पण पोटाची कातडी घडी पडून लोंबते, दंड सैल पडतात, आणि त्या घडीत खाज सुटते. याबद्दल बाई सहसा घरातही बोलत नाही. बोलायला हवं.

सैल कातडी हा आजार नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले चिवट धागे चरबी गेली तरी पूर्ण आवळले जात नाहीत, इतकंच. वय जास्त, लठ्ठपणा जुना, त्यात तंबाखू असेल तर कातडी आणखी कमी आवळते. मिश्री म्हणजेही तंबाखूच, हे आयाबहिणींनी लक्षात घ्यावं. ‘पंधरा दिवसांत कातडी घट्ट’ म्हणणाऱ्या महागड्या क्रीमने कातडी घट्ट होत नाही. तो पैसा अंड्यांवर खर्च करा. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो, एवढ्याच बेताने उतरू द्या. जेवण कमी केलं तरी डाळ, मटकी, हरभरा, अंडी, सुकट कमी करू नका. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात आणि 60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम तरी लागतात. नुसत्या चहा-बिस्किटावर उतरवलेलं वजन स्नायू आणि केस दोन्ही घेऊन जातं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नका. साखर एकदम खाली येऊन चक्कर येते.

खरा त्रास घडीत होतो. पोटाखाली, स्तनांखाली, जांघेत घाम साचतो. आठ तास मशीनवर उभं राहायचं, अंगात जाड युनिफॉर्म, आत नायलॉनचे कपडे. तिथे बुरशी वाढायला वेळ लागत नाही. आंघोळीनंतर घडी उचलून सुती फडक्याने टिपून कोरडी करा, घासू नका. जमल्यास पातळ सुती कापडाची पट्टी घडीत ठेवा आणि पाळी संपली की बदला. आतले कपडे सुती वापरा आणि उन्हातच वाळवा. लाजेखातर घराच्या कोपऱ्यात, साडीखाली वाळत घातलेले कपडे दमटच राहतात. लाज कसली त्यात?

गोल, कडेला लालसर, खाजणारा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण. इथे बहुतेक घरं चुकतात. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणतात, दोन दिवसांत आराम पडतो, मग चट्टा दुप्पट पसरतो. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. जांघेतली कातडी त्याने पातळ होते, कायमचे चरे पडतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ट्यूब मिळतेच. आपणच मागू नये. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या, आणि खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका.

मानेच्या, काखेच्या काळेपणाबद्दलही सांगायला हवं. मान मखमलीसारखी जाड आणि काळी पडते, तो मळ नव्हे. पोरींना ‘मान घास’ म्हणून टोमणे मारणाऱ्यांनी हे वाचावं. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडत चालल्याची ती खूण असते. वजन उतरलं की बऱ्याच जणांत हळूहळू फिकी होते. घासणीने, लिंबाने उलट सोलवटते. अशी मान असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या.

कातडीचा दवाखाना शोधायला दूर जायची गरज नाही. एमआयडीसीतच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून त्वचारोग विभाग विचारा. बायकांना बाई डॉक्टर हवी असेल तर तसं सांगायला संकोच करू नये. कातडी फारच लोंबून चालताना घासत असेल, वारंवार जखम होत असेल, तर ऑपरेशन होऊ शकतं. पण वजन निदान सहा महिने एका जागी टिकल्यावरच. त्यासाठी पुण्याच्या ससूनमध्ये प्लास्टिक सर्जरी विभागात दाखवता येतं.

आणि एक वेगळी गोष्ट. जेवण तेच, काम तेच, तरी कपडे ढगळ व्हायला लागले, कातडी कोरडी पडली, तर ‘बारीक झालीस, छान’ म्हणून खूश होऊ नका. सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल तर थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तहान आणि लघवी वाढली असेल तर साखर तपासा. त्याच आठवड्यात जा, पगाराची वाट पाहू नका.