रॉजर फेडररचे प्रशिक्षक

रॉजर फेडरर (जन्म: ८ ऑगस्ट १९८१) ह्या स्वित्झर्लंडच्या व्यावसायिक टेनिसपटूने पुरुष एकेरीची २० ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. त्याच्या खेळाला ‘नैसर्गिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या विशेषणामागे प्रशिक्षकांचे श्रम बहुधा झाकले जातात. फेडररच्या कारकिर्दीच्या बहुतांश काळात ग्रँड स्लॅम सामना चालू असताना खेळाडूला सूचना देण्यास प्रशिक्षकांना मनाई होती. त्यामुळे त्यांचे काम सरावाच्या मैदानावरच होत असे आणि प्रेक्षकांना दिसत नसे.

पीटर कार्टर

कार्टर हे दक्षिण ऑस्ट्रेलियातील नुरिऊट्पा गावचे. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्यांना मोठे यश लाभले नाही. बासेलमधील ‘ओल्ड बॉइज’ क्लबात ते प्रशिक्षक झाले आणि तेथे लहानगा फेडरर त्यांच्या हाताखाली आला. फेडररच्या एकहाती बॅकहँडवर आणि एकंदर तंत्रावर कार्टर यांचा ठसा आहे. त्या वयात फेडरर संतापी होता, रॅकेट आपटत असे. खेळाबरोबर वर्तनाला वळण लावण्याचे कामही कार्टर यांच्याकडे आले. वयाच्या १४व्या वर्षी तो एक्युब्लाँ येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात गेला. पुढे बील येथील केंद्रात दोघे पुन्हा एकत्र आले.

२००० साली स्वतःचा प्रशिक्षक नेमण्याची वेळ आली, तेव्हा फेडररने कार्टर यांच्याऐवजी स्वीडनचे पीटर लुंडग्रेन यांची निवड केली. ज्याने घडवले त्याला बाजूला ठेवून ज्याला व्यावसायिक स्पर्धांचा अधिक अनुभव आहे त्याला निवडणे विशीच्या आतील मुलाला सोपे गेले नसणार. त्यांचे संबंध मात्र तुटले नाहीत. स्विस डेव्हिस चषक संघाची धुरा कार्टर यांच्याकडे आली. १ ऑगस्ट २००२ रोजी दक्षिण आफ्रिकेत मोटार अपघातात कार्टर यांचे निधन झाले. ते ३७ वर्षांचे होते. टोरांटोतील स्पर्धेदरम्यान ही वार्ता फेडररला कळली. त्यानंतर अनेक वर्षे कार्टर यांचे आईवडील त्याच्या आमंत्रणावरून ऑस्ट्रेलियन ओपनला येत असत.

लुंडग्रेन आणि प्रशिक्षकाविना वर्ष

लुंडग्रेन यांच्या काळात फेडररने २००३ची विंबल्डन स्पर्धा जिंकली. हे त्याचे पहिले ग्रँड स्लॅम. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने लुंडग्रेन यांच्याशी करार संपवला. २००४ मध्ये प्रशिक्षक नसताना त्याने चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. ‘प्रशिक्षक हवाच कशाला?’ ह्या प्रश्नासाठी हे उदाहरण वारंवार दिले जाते. परंतु शारीरिक तयारीची बाजू २००० पासून पियेर पागानिनी सांभाळत होते आणि तंत्राचा पाया आधीच घातला गेला होता, हे त्यात विसरले जाते. जानेवारी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपान्त्य सामन्यात मरात साफिनने फेडररला हरवले, तेव्हा साफिनचे प्रशिक्षक लुंडग्रेनच होते.

नंतरचे प्रशिक्षक

ऑस्ट्रेलियाचे डावखुरे टोनी रोच (१९६६चे फ्रेंच विजेते) २००५ पासून मे २००७ पर्यंत अर्धवेळ मार्गदर्शन करीत. ह्या काळात सहा ग्रँड स्लॅम मिळाली. डावखुऱ्या राफेल नदालविरुद्ध फ्रेंच ओपन मात्र हाती आली नाही. रोच यांच्यापासून दूर झाल्यावर काही दिवसांतच हँबुर्ग येथे फेडररने नदालची मातीवरील सलग ८१ विजयांची मालिका खंडित केली. २००८ मध्ये स्पेनचे होजे हिगेरास काही काळ सोबत होते. अमेरिकेचे पॉल अ‍ॅनाकोन (२०१०–१३) यांच्या काळात २०१२ची विंबल्डन स्पर्धा मिळाली. फेडररच्या बालपणीचे आदर्श स्टेफान एडबर्ग (२०१४–१५) यांच्यासोबत तो जाळीजवळ अधिक खेळू लागला.

क्रोएशियाचे इव्हान ल्युबिचिच २०१६ मध्ये आले. त्याच वर्षी गुडघ्याच्या दुखापतीमुळे फेडरर सहा महिने खेळापासून दूर राहिला. २०१७च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने नदालला पाच सेटमध्ये हरवले. पूर्वी नदालच्या उंच उसळणाऱ्या चेंडूंपुढे जो बॅकहँड दबून जात असे, तोच ह्या सामन्यात आक्रमक ठरला. ह्या सर्व बदलांमध्ये सेव्हेरिन ल्युथी मात्र २००७ पासून निवृत्तीपर्यंत कायम राहिले. ते डेव्हिस चषक संघाचेही कर्णधार होते आणि स्वित्झर्लंडने २०१४ मध्ये तो चषक जिंकला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.